शेवाळ, केळीची राख आणि कानबाईची वाट

अंगणातल्या शेवाळाच्या प्रेमात पडलेली आमच्या घराण्यातली मी पहिली आणि शेवटची सून.

धुळ्याजवळचं आमचं घर. फाटकापासून ओट्यापर्यंत काळ्या दगडाची फरशी, वर कडुलिंबाची दाट सावली. श्रावण लागला की ऊन त्या फरशीला विसरायचं आणि दगडांवर हिरवं, मऊमऊ शेवाळ चढायचं. लग्नानंतरचा तो माझा पहिला श्रावण. मी ओट्याच्या पायरीवर बसून तासन्‌तास बघत राहायची. भुरभुर चालू आहे, लिंबाची पिवळी पानं एकेक करून त्या हिरव्या मखमलीवर उतरताहेत... मला वाटायचं, ही मखमल खास माझ्यासाठीच अंथरलीय. (वय असं होतं, की चुलीवरचं दूध उतू गेलं तरी त्यात मला ढग दिसायचे!)

सासूबाईंना, म्हणजे अक्कांना, मात्र तिथे फक्त घाण दिसायची.

"सूनबाई, रविवारी कानबाई बसतील. सोमवारी ह्याच वाटेनं नदीवर निघतील. औंदा कानबाई तुझ्या डोक्यावर द्यायची म्हणते मी. पण आधी फरशी घास! वाळू टाक, विटेच्या तुकड्यानं घास, भरपूर पाणी मार आणि कोरडी कर. पाय सरकला, तर मान विमलकडे!"

कानबाई ही आमची खानदेशातली श्रावणाची देवी; तिला डोक्यावरून नदीवर न्यायचा मान घरातल्या एकाच सुनेला. विमलताई म्हणजे माझी मोठी जाऊ. ती चुलीपाशी बसून गोड हसली. तिचं ते हसणं बघून मी मनात म्हटलं, कानबाई माझ्याच डोक्यावर निघणार!

आणि मग मी पायरीवर जाऊन बसले. डोक्यावर चौरंग, त्यावर नटलेली कानबाई, पुढे डफ वाजतोय, सगळं गाव माझ्याकडे बघतंय... अशी माझी मिरवणूक रोज निघायची, मखमलीवरून! मखमल घासायची तेवढी राहून जायची.

शनिवारी दुपारी अक्का फाटकातून ओरडल्या, "फरशी घासी का वं?"

"घासतेच आहे, अक्का!" मी पायरीवरून उत्तर दिलं.

आता एवढी वाट विटेनं घासायची म्हणजे रात्र होणार. तेवढ्यात मला माहेर आठवलं. आमच्या रावेरकडे केळीचे खांब वाळवून जाळतात. त्या राखेच्या खारानं पापड फुलतात, कपड्यांचा मळ सुटतो. आईनं पापडांसाठी दिलेला राखेचा डबा घरात होताच. जी राख धोतराचा मळ काढते, ती शेवाळाला सोडेल? मी अख्खा डबा फरशीवर उपडा केला, पाणी शिंपडलं, खराटा फिरवला. शेवाळ निघालं की हो! मग धुवायचा कंटाळा आला. वर ढग होतेच. म्हटलं, पाऊस धुऊन काढेल.

पाऊस आला, पण नुसती भुरभुर! धुण्याइतका नाही, राख कालवून तिचा बुळबुळीत साबण करण्याइतका. सकाळी फरशी काळीभोर, चकचकीत, त्यात लिंबाची फांदी न्‌ फांदी दिसत होती. मी भारावून बघतच राहिले.

तेवढ्यात फाटकातून चुलतसासरे नाना आले, नवा फेटा, हातात नारळ. त्यांनी पहिलं पाऊल टाकलं. दुसरं टाकायची गरजच पडली नाही. नारळ पुढे, नाना मागे, असा दोघांनी ओटा गाठला!

"काय वो वयनी," नाना बसल्या जागेवरून घरातल्या अक्कांना म्हणाले, "हाई अंगण शे का घसरगुंडी?"

त्यांना उचलायला दोन भाचे धावले. ते नानांच्या शेजारी जाऊन बसले. विमलताई "अगं बाई, काय झालं?" म्हणत आनंदानं बाहेर आली आणि भाच्यांच्या शेजारी बसली. शेवटी अक्का आल्या. त्यांना धरायला मी उडी मारली. त्या उभ्याच राहिल्या. मी मात्र पुरी फरशी पालथी घालून थेट फाटकाला लागले. उठले, पुन्हा पडले. बठ्ठी, म्हणजे कानबाईला जमलेली सगळी भावकी ओट्यावर बसून बघत होती.

मग पाण्याच्या बादल्या, वाळू, वीट... रविवारचा सगळा दिवस ती फरशी मी एकटीनं घासली. सोमवारी वाटेवर कापसाची बारदानं अंथरली. अक्कांनी कानबाई उचलली आणि विमलताईच्या डोक्यावर ठेवली.

माझा चेहरा बघून अक्कांचं मन विरघळलं असावं. मला जवळ घेऊन म्हणाल्या, "रडू नको. तुले बी मान शे. तू सगळ्यांच्या पुढे चाल."

"खरंच, अक्का?" मी डोळे पुसले.

"हा ना! जठे तू पडशी, तठून आम्ही बाजूले व्हसूत."

तो मान अजून माझ्याकडेच आहे. आता घरी सुना आल्या, नातसून आली. पण दर श्रावणात मिरवणूक निघाली की सगळ्या जणी आधी माझ्या पायांकडे बघतात, मग देवीला हात जोडतात!