साळवे सरांचं जेट आणि माझं वर्षभराचं बोलणं

साळवे सर वर्षभर विमान दिसत नसताना उडवत होते.

मला माहीत होतं. मी कुणाला सांगितलं नाही.

आज त्यांचा पहिला स्मृतिदिन. ग्रुपवर सकाळपासून फुलांचे फोटो येतायत, म्हणून म्हटलं खरं काय ते लिहून टाकावं.

ज्यांना सर माहीत नाहीत त्यांच्यासाठी: आयटीआयमध्ये फिटर ट्रेडचे निदेशक. रिटायर झाल्यावर लोक देवदर्शनाला जातात नाहीतर सोसायटीत भांडतात. सरांनी रिमोटचं जेट घेतलं.

या जेटच्या नाकावर पंखा नसतो. पोटातल्या नळीत असतो, बॅटरीवर चालतो. पुढून हवा ओढायची, मागून फेकायची.

कंपनीने दिलेलं जसंच्या तसं उडवणं सरांना कमीपणाचं वाटायचं. सहा पात्यांचा पंखा काढून त्यांनी बारा पात्यांचा बसवला. मागची नळी बायकोच्या, म्हणजे आमच्या काकूंच्या, गुडघ्याच्या एक्स-रे फिल्मची केली. काकू डॉक्टरांकडे निघाल्या तेव्हा फिल्म सापडेना.

ते सगळं बसवल्यावर आवाज एकदम बदलला. आधी मिक्सरसारखा किंचाळायचा, नंतर खरंच जेट वाटायला लागलं.

आमची जागा म्हणजे शेंद्रा एमआयडीसीच्या पुढचा एक डांबरी रस्ता. दोन्ही बाजूंना प्लॉट पाडलेले, शेड एकही नाही. रविवारी सकाळी सात वाजता तिथं सर आणि मी, दोघंच.

उडवण्याआधी रस्ता झाडायचा, हा नियम. जेट खाली बसकं असतं, खडा आत ओढला की पाती गेली. झाडू कायम सर मारायचे, माझ्या हातात देत नसत.

पुढे पुढे त्यांनी झाडलेल्या रस्त्यावर खडे राहायला लागले. मी गपचूप पायाने बाजूला सारायचो. तेव्हाच कळायला हवं होतं.

दुसरा नियम, उडवणाऱ्याच्या शेजारी एकाने उभं राहून बोलत राहायचं. डावीकडं वळतंय, पंख सपाट, खाली येतंय. बाकी लोक हे फक्त लँडिंगला करतात. सरांना टेकऑफपासून लागायचं. मी म्हटलं, मास्तर माणूस, सवय असेल.

एका रविवारी मधेच माझा फोन वाजला. मी खिशात हात घातला आणि बोलायचं थांबलो.

जेट सरळ लांब निघालं. सर वळवेचनात.

"बोल ना," ते म्हणाले. अगदी हळू.

मी म्हटलं, उजवीकडं घ्या. त्यांनी घेतलं. व्यवस्थित उतरवलं.

मग बॅटरी काढता काढता, माझ्याकडे न बघता म्हणाले, "मधी काय दिसत नाय आता. कडंकडंनं दिसतं. डॉक्टर म्हणले पडदा गेला. तू काकूला बोलू नको."

मी नाही बोललो.

त्यानंतर वर्षभर मी त्यांचे डोळे झालो असं कुणी कमेंटमध्ये लिहू नका. मी घाबरलेला असायचो. दोन-अडीच किलोचं ते धूड त्या वेगात कुणाला लागलं तर काय होईल, हे मला कळत होतं. तरी दर रविवारी सात वाजता मी तिथं हजर.

आणि मग व्हायचं ते जवळजवळ झालंच.

जेट उतरायला वळलेलं, आणि बाजूच्या पायवाटेवरून एक माणूस डोक्यावर चाऱ्याचा भारा घेऊन रस्त्यावर आला. बरोब्बर समोर. सरांना तो दिसत नव्हता.

मी ओरडलो, वर घ्या. त्यांनी थ्रॉटल दिला. पण नळीतला पंखा वेग धरायला एक क्षण घेतो. तेवढ्यात जेट भाऱ्याला घासून गेलं. गवत उडालं. तो माणूस खाली बसला.

त्याला काही झालं नाही. त्याने आमची आईबहीण काढली, ते योग्यच होतं.

दुसऱ्या फेरीत जेट खाली आल्यावर मी म्हणालो, "सर, रिमोट द्या. आता बस."

त्यांनी दिला. मी त्यांना गाडीतून उस्मानपुऱ्याला सोडायला गेलो. घराशी उतरताना म्हणाले, "जेट तुझ्याकडंच ठेव."

मी समजलो, रागावले.

पुढचे चार महिने मी दर रविवारी फोन करायचो. "बरंय" म्हणायचे आणि काकूंना द्यायचे. मग एका दुपारी हार्ट अटॅक. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी मागच्या रांगेत बसलो, बुद्धवंदना संपल्यावर लगेच निघालो. माणसाकडे एक गोष्ट होती, ती आपण काढून घेतली, एवढंच डोक्यात.

आज सकाळी त्यांच्या घरी गेलो होतो. निघताना काकूंना सगळं सांगून टाकलं. डोळ्यांचं, भारेवाल्याचं, रिमोटचं.

काकू म्हणाल्या, "मला काय माहीत नव्हतं व्हय? चहात साखर समजून मीठ टाकायचे ते."

मग म्हणाल्या, "त्या दिवशी घरी आले ना, जेवले नाय. म्हणले, योगेश वर्षभर माझ्यापायी भीत होता. मला कळत होतं, तरी मी त्याला भिऊ दिलं. आता कोणत्या तोंडानं बोलू त्याच्याशी."

मी काकूंच्या पाया पडलो आणि खाली येऊन बराच वेळ गाडीत बसलो.

सर, हे मला सांगायला हवं होतंत. मी फोन करत होतो की. चार महिने करत होतो.

भीत होतो, खरंय. पण रविवारची वाटही मीच बघायचो. हे मीही कधी सांगितलं नाही तुम्हाला.

जय भीम, सर.