साडेतेरा सेंटिमीटर

वृंदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी भाईंदर पश्चिमेला भाजी घेत होते. दुपारीच तिचा मेसेज होता, 'उद्या डब्यात मेथी आण गं.' हृदयविकाराचा झटका, बस्स... मेथीची जुडी हातात तशीच राहिली.

आमच्या शाळेत ती विज्ञान शिकवायची, मी मराठी. वीसेक वर्षं आम्ही एका टेबलावर डबा खाल्ला. प्रयोगशाळेतलं सामान तेव्हा कुलूपबंद कपाटात असायचं. तपासणीला अधिकारी आले की बाहेर यायचं आणि पुसून पुन्हा आत जायचं. मुलं प्रयोग फळ्यावरच बघायची. मग दहावीच्या प्रात्यक्षिकात भिंगाचं नाभीय अंतर सगळी एकजात दहा सेंटिमीटर लिहायची, कारण गाइडमध्ये दहा होतं. कॉपी करतात म्हणून आम्ही मुलांवर चिडायचो, वृंदा आमच्यावर उखडायची. "भिंग हातातच दिलं नाही, तर पोरं शेजारच्याच्या पेपरात बघणार नाहीत तर काय!" एक दिवस तिने कुलूप काढलं ते पुन्हा लावलंच नाही. मुख्याध्यापक तणतणत आले. "मॅडम, भिंगं फुटली तर तपासणीला काय दाखवू?"

"फुटकी दाखवा सर. निदान वापरली तरी म्हणतील."

भिंगं फुटलीच, अगदी पहिल्याच आठवड्यात. पण गेल्या वर्षीचा नववीचा एक तास मी विसरणार नाही. उत्तनची जेनी खिडकीशी उभी राहून समोरच्या टॉवरची प्रतिमा भिंगातून पुठ्ठ्यावर पकडत होती. "टीचर, माजं चौदा आलं. गाइडमदी दहा हाय. दहाच लिवू?"

"तू मोजलंस ना? मग चौदा लिही," वृंदा म्हणाली.

प्रत्येकाचा आकडा वेगळा होता. दुसऱ्याच्या वहीत डोकावायचं सोडून पोरं आपलाच आकडा खरा म्हणून भांडत होती आणि त्या गोंगाटात वृंदा बेहद्द खूश होती. शेजारच्या वर्गातली कविता अर्धी सोडून दारात आलेली मी मात्र जाम वैतागले होते.

ती गेल्यावर मुख्याध्यापक नवं कुलूप घेऊन आले. त्यांचंही चूक नव्हतं, नवे शिक्षक येईपर्यंत सामानाची जबाबदारी त्यांचीच. पण दहावीचं प्रात्यक्षिक तोंडावर आलं होतं. मी काही बोलणार, तेवढ्यात सरावाला आलेली जेनी म्हणाली, "सर, कुलूप लावलं तर आमी लिवायचं काय? परत दहा?"

सरांनी हातातल्या कुलुपाकडे पाहिलं. मग कुलूप खिशात टाकून मला म्हणाले, "मॅडम, तुम्ही थांबाल मुलांबरोबर?"

थांबले. मुलं गेल्यावर जेनीने ठेवलेलं भिंग उचलून वृंदाच्या खिडकीशी गेले. टॉवर पुठ्ठ्यावर उलटा उतरला, गॅलरीत वाळत घातलेल्या कपड्यांसकट. मला हसू आलं आणि मग रडूही. वृंदा, किती दिलंस गं आम्हाला! पट्टी लावून पाहिलं, साडेतेरा. फळ्यावर जेनीने चौदा लिहून ठेवलं होतं. बरोबर कोणाचं, हे विचारायला मी सवयीने मागे वळले...

मग खडू घेतला आणि चौदाच्या खाली माझं साडेतेरा लिहिलं.