बर्फावरची पंच

घाटनांदूरच्या शाळेत मी खेळाची बाई. मुलींना चाकांचं स्केटिंग शिकवते, तेही शाळेमागच्या सिमेंटच्या पट्ट्यावर. बर्फावरच्या स्केटिंगच्या राष्ट्रीय महासंघानं पंचांची परीक्षा जाहीर केली आणि मी फॉर्म भरला. बर्फावर खेळल्याचा अनुभव त्यात विचारलेला नव्हता, एवढं मला पुरे होतं.

वडील अंबाजोगाईला दवाखान्यात वॉर्डबॉय होते, आता रिटायर. म्हणाले, "कावून गं? आपल्याकडं बर्फ हाय कुठं? रसाच्या गाड्यावर दिसतो तेवढाच."

"नियम तर पुस्तकात हायेत ना, दादा."

नियमांचं पुस्तक इंग्रजीत. उन्हाळ्याची सुट्टी त्यातच गेली. शाळा उघडल्यावर मुलींना रेषेवर उभं करायचं, शर्यतीच्या सुरुवातीचा व्हिडिओ काढायचा आणि कुणाचा गुडघा आधी हलला ते पुन्हा पुन्हा बघायचं, असा माझा अभ्यास चालला.

लेखी परीक्षेत पास झाले. प्रात्यक्षिक डेहराडूनच्या रिंकवर होतं. बर्फावर पाय ठेवला आणि सपशेल आपटले. कोपर सोललं. परीक्षकांनी हात पुढं केला, पण मी आपली आपणच उठले. तिसऱ्या दिवशी न पडता अख्खी फेरी मारली. महिन्याभरानं महासंघाचा बिल्ला पोस्टानं शाळेत आला.

पुढच्या हिवाळ्यात राष्ट्रीय स्पर्धेत मुलींच्या उपांत्य फेरीला सुरुवात द्यायचं पिस्तूल माझ्या हातात दिलं. पहिल्यांदा एक मुलगी आधी सुटली, मी सगळ्यांना परत बोलावलं. दुसऱ्यांदा गतविजेतीचा गुडघा हलला. पहिली चुकीची सुरुवात कुणाचीही असो, त्यानंतर जी चुकेल ती नियमानं बाद. मी तिच्याकडं हात केला.

तिचा प्रशिक्षक तरातरा आला. "मॅडम, आप कहाँ से हैं?"

"बीड."

"वहाँ बर्फ गिरती है?"

प्रेक्षक हसले. मी हात खाली घेतला नाही. मुख्य पंच जवळ आले. "पक्कं?" त्यांनी मराठीतच विचारलं. ते पुण्याचे होते, हे मला तेव्हा कळलं.

"डावा गुडघा, सर. पिस्तुलाच्या आधी."

मुख्य पंच काही बोलायच्या आत ती मुलगीच पुढं आली. डोळे भरलेले, पण आवाज स्वच्छ. "सर, मैं हिली थी." प्रशिक्षकानं तिच्याकडं पाहिलं आणि तो मागं सरकला.

उरलेल्या मुली रेषेवर आल्या. मी पिस्तूल उडवलं आणि सगळ्या एकदम सुटल्या.

संध्याकाळी महासंघाच्या सचिव बाईंनी दुसऱ्या दिवशीची यादी भिंतीवर लावली. मुलांच्या आणि मुलींच्या, दोन्ही अंतिम फेऱ्यांसमोर, सुरुवात देणाऱ्या पंचाच्या रकान्यात, माझं नाव होतं. मी यादीचा फोटो काढून दादांना पाठवला. लगेच फोन आला. पलीकडं दादा अख्ख्या गल्लीला ओरडून सांगत होते, "आमची पोरगी हाय ही! बर्फावर हिचाच हुकूम चालतो!"