न वाजवलेली थाळी

परवा मांडणीवरून पितळी थाळी पडली आणि त्या आवाजाने मी दचकले.

सोलापुरातल्या आमच्या गल्लीत बायकांनी ठरवलं होतं, कुणाच्या घरात मारहाण सुरू झाली की शेजारणीने थाळी बडवायची. मग सगळ्यांनी त्या दारात जायचं. एका दुपारी भिंतीपलीकडे, मला अक्का म्हणणाऱ्या पद्माला तिचा नवरा मारत होता. मी थाळी उचलली.

"मागांच्या खडखडाटात कुणाला ऐकू येणार हाय? ठेव ती," सासूबाई म्हणाल्या. मी ठेवली.

तेवढ्यात लाईट गेली. यंत्रमाग थांबले आणि पद्माची हाक अख्ख्या गल्लीला ऐकू गेली, "अक्का, थाळी वाजीव की!"

बायका धावल्या. मी थाळीकडे बघत उभी राहिले.

आता सासूबाई गेल्या, मागही भंगारात गेले. दोष द्यायला मीच तेवढी उरले आहे.