सुईणीचा मान

खण, नारळ आणि मूठभर तांदूळ. सरांनी ते माझ्या हातात दिलं नाही. सूक्ष्मदर्शकाशेजारच्या टेबलावर ठेवलं, दोन पावलं मागं सरकले आणि म्हणाले, "घ्या की सुईणबाई! माझ्या नातवाची नाळ तुमच्याच हातात आली. तुमचा मान नको का द्यायला?"

पुण्याहून आलेले पाहुणे हसले. माझ्याबरोबर काम करणारा मिहीर हसला. सगळी प्रयोगशाळा हसली. बाकीच्यांना सरांनी पेढे हातावर ठेवले होते. माझा पेढा कागदावर, नारळाशेजारी. "तुमचे नाळेचे हात," म्हणाले. मी डोक्याला टोपी, हातात मोजे, अंगात पांढरा कोट घालून उभी. नावामागं डॉक्टर लागलेली बाई. सोलापुरात, भरदुपारी, माणसाच्या पेशींवर संशोधन करणाऱ्या खोलीत.

आमचं काम चिपा बनवायचं. चिप म्हणजे काडेपेटीएवढा पारदर्शक रबराचा तुकडा. त्यात केसासारखी बारीक नळी. त्या नळीच्या आत माणसाच्या पेशींचं अस्तर वाढवायचं, पंपानं त्यातून द्रव वाहता ठेवायचा, की ती खऱ्या रक्तवाहिनीसारखी वागायला लागते. औषध माणसाला देण्याआधी तिच्यावर तपासता येतं. या पेशी मिळतात बाळाच्या नाळेतून. प्रसूतिगृहातून, आईच्या संमतीनं, बर्फात ठेवलेल्या बरणीतून नाळ येते. ती धुवायची, रक्त पिळून काढायचं, आतल्या शिरेतून पेशी सोडवायच्या. हे काम घाण आहे असं आमच्याकडं कुणी म्हणत नाही. फक्त कुणी करत नाही.

मुलाखतीत सरांनी विचारलं होतं, नाळ बघून कसंतरी होत नाही ना? मी सरळ सांगितलं, "माझी आई मोडनिंबला सुईण होती. नाळ मी लहानपणापासून बघतेय." अभिमानानं सांगितलं. सर खूश झाले. "मग प्रश्नच मिटला. रक्तातच आहे तुमच्या." मला ते कौतुक वाटलं. त्या दिवसापासून प्रत्येक नाळ माझ्या टेबलावर. मिहीर आणि मी एकाच वेळी रुजू झालो, एकाच पदावर. त्याला नाळ धुवायला सांगितली की तो म्हणायचा, "तुमच्यासारखा हात नाही बुवा आपला." हात त्याला दोन होते. माझ्यासारखेच.

सुरुवातीला आमच्या पेशी टिकतच नव्हत्या. पंप सुरू केला की सुटून वाहून जायच्या. प्रवाह एकदम न सोडता हळूहळू वाढवत न्यायचा, हे मी चुकत चुकत शोधलं. एका सकाळी बघते तर सगळ्या पेशी लांबट होऊन प्रवाहाच्या दिशेनं वळलेल्या, जिवंत शिरेत वळतात तशा. मी खोलीत एकटीच होते. एकटीनंच टाळ्या वाजवल्या.

ही रक्तवाहिनी पाहुण्यांना मीच दाखवायची, असं ठरलेलं. त्यांना पटलं तर पुढचा मोठा प्रकल्प मिळणार, आणि जो दाखवणार त्याच्याच हातात तो जाणार, हे सगळ्यांना माहीत होतं. त्या दिवशी सकाळी सर म्हणाले, "बोलेल मिहीर. त्याचं इंग्रजी सफाईदार आहे. तुम्ही नाळेचं बघा." मी गिळलं. मग दुपारी तो नारळ आला.

आणि मला मोडनिंब आठवलं. पाटलांच्या घरी सुनेला कळा लागल्या की आईला बोलावणं यायचं. मागच्या दारानं. आम्ही मातंग. बाळ आईच्या हातात जन्माला यायचं, ते चालायचं. बाळाला आंघोळ घातली की तेच हात विटाळाचे. बाराव्या दिवशी सुईणीचा मान. खण, नारळ, तांदूळ उंबऱ्याबाहेर ठेवायचे. हातात द्यायचे नाहीत. आई वाकून उचलायची. तांदूळ माझ्या झग्याच्या ओच्यात टाकायची. "पोरीला लांब हुबी कर गं," आतून आवाज यायचा.

सरांना ही रीत कुणी शिकवली? ठेवायचं आणि मागं सरकायचं? हे पुस्तकात नसतं. घरात असतं. जात मानत नाही म्हणणाऱ्या माणसाच्या हातापायांना ती रीत तोंडपाठ होती. डोकं तापलं माझं.

पडद्यावर माझ्या पेशी दिसत होत्या. मिहीर सांगायला लागला होता, "आम्ही प्रवाह हळूहळू वाढवला..." मी मोजे काढले. पुढं गेले.

"मिहीर, बाजूला हो. हे मी केलंय. मी सांगते."

"अहो, पाहुण्यांसमोर तमाशा नको," सर हसत हसतच म्हणाले.

"तमाशा तुम्ही मांडलात, सर. आई सुईण होती, एवढंच मी तुम्हाला सांगितलं होतं. खण घ्यायला आलेय, असं सांगितलं नव्हतं."

आता कुणी हसलं नाही. मिहीर सरकला. मी सगळं सांगितलं, मराठीत, जिथं लागलं तिथं इंग्रजीत. पाहुण्यांनी प्रश्न विचारले. मिहीरला एकाचंही उत्तर आलं नसतं.

संध्याकाळी सरांनी बोलावून घेतलं. "थट्टा कळत नाही तुम्हाला. तुमच्या नेमणुकीची मुदत संपत आलीय. वाढवायची की नाही, ते माझ्या सहीवर आहे."

"थट्टा कळली, सर. म्हणूनच बोलले."

जुळे सोलापुरातल्या खोलीवर जाऊन आईला फोन केला. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "उचललास का खण?"

"न्हाय."

"बरं केलंस. मी उचलत हुते. पन एकबी अंगाला लावला न्हाय. समद्यांची पोतेरी केली. त्यांच्या खणानं घर सारवलं मी." आई हसली नाही. मीही हसले नाही.

मुदतीचं अजून काही कळलेलं नाही. नारळ त्याच टेबलावर आहे. त्याच्या डोळ्यांतून बुरशी वर आलीय, खणावर हिरवे डाग पडलेत. पेशींच्या खोलीजवळ बुरशी म्हणजे काय, ते मला सरांपेक्षा जास्त कळतं. म्हणून माझ्या चिपा मी पलीकडच्या खोलीत नेऊन बंद केल्यात. सरांनी झाडलोट करणाऱ्या लक्ष्मीबाईंना पाठवलं. मी त्यांना दारातच अडवलं.

"लक्ष्मीबाई, त्याला हात लावू नका."

"मग कोन उचलंल हो म्याडम?"

"ज्यानं ठेवलंय तो."

आज नवी नाळ आली. बरणी मी मिहीरच्या पुढ्यात ठेवली, वर मोज्यांची जोडी. "आजपासून पाळ्या. आज तुझी. येत नसेल तर शिकवते." तो सरांच्या बंद दाराकडं बघत राहिला, मग मोजे चढवायला लागला.

मुदत वाढो, न वाढो. शेवटच्या दिवसापर्यंत मी याच सूक्ष्मदर्शकापुढं बसणार. या रक्तवाहिनीच्या शोधनिबंधावर पहिलं नाव माझं लागेल, नाही लागलं तर मी वरपर्यंत भांडेन. आणि तो नारळ सरांनीच उचलायचा. स्वतःच्या हातानं. मोजे न घालता.