बिशपच्या घराची जागा

महमूद चौगुले सकाळी साइटवर पोहोचला, तर बिशपचं घर उरलंच नव्हतं.

सोहारच्या पुढे, खजुराच्या बागांमागे गोदामासाठी जमीन सपाट करायचं काम होतं. महमूद तिथे डोझर चालवायचा. माणूस मूळचा बाणकोटचा, केस पिकले ओमानात. हिवाळ्यात त्याच्याच डोझरपुढे जुन्या भिंती निघाल्या आणि तिथलं काम थांबलं. उत्खननाला आलेल्या नूतन मॅडमनी त्याला सांगितलं होतं, "चौदाशे वर्षांपूर्वी या किनाऱ्यावर ख्रिस्ती लोक राहायचे, महमूदभाई. हे त्यांच्या बिशपचं घर, आणि हे शेजारी चॅपल. जागा कुठे होती ते कुणालाच माहीत नव्हतं." त्यांनी भोवती लाल फिती बांधल्या आणि ऊन तापायला लागलं तशा त्या मस्कतला गेल्या.

आता घराच्या जागी नुसती माती होती.

"कुणी केलं हे?"

"मीच करवून घेतलं, काल सुट्टीचं," सुपरवायझर कौशिक म्हणाला. "आता ते चॅपल उडवा. यल्ला, चला, दुपारपर्यंत खलास."

"मी नाय करनार, साहेब."

"तुमचा काय संबंध हो? तुमची मशीद आहे का ती?"

गावाकडे रस्ता रुंद करताना महमूदच्या आईची कबर अशीच सपाट झाली होती. तेव्हा तो इथे होता, दुसऱ्याच कुणाच्या जमिनीवर. फोनवर नुसता ओरडला होता.

त्याने डोझरची किल्ली खिशात घातली. कौशिकने दुसऱ्या मशीनवर तरुण ऑपरेटर स्वरूपला बसवलं, तसा महमूद चॅपलच्या चौथऱ्यावर जाऊन उभा राहिला. मशीन धूळ उडवत अगदी पुढ्यात आलं.

"चाचा, बाजूला व्हा ना," स्वरूप काकुळतीला आला.

"नाय होत. घाल अंगावर!"

स्वरूपने इंजिन बंद केलं.

"पुढच्या विमानाने घरी पाठवतो तुम्हाला!" कौशिक किंचाळला.

"पाठव! आत्ता पाठव!" आजवर त्याला साहेब म्हणणारा महमूद अरेतुरेवर आला. तिथूनच त्याने मॅडमना फोन लावला. त्यांनी सरकारी खात्याला कळवलं. माणसं येईपर्यंत महमूद उन्हात तसाच उभा होता.

चॅपल वाचलं. कंपनीने महमूदला घरी नाही पाठवलं, पण डोझर काढून घेतला आणि मस्कतमधल्या रुवीच्या यार्डात मशिनी धुवायला लावलं.

महिन्याभराने मॅडम तिथे भेटायला आल्या. "महमूदभाई, तुमच्यामुळे चॅपल राहिलं. तुमचे आभार मानायला..."

"आनि घर?" तो फाडकन म्हणाला. "फिती बांधून गेलात तुम्ही! फितीला कोन भितो? एक वॉचमन ठेवायला काय झालं होतं?"

"चुकलंच आमचं," मॅडम म्हणाल्या.

"चुकलं म्हनून घर येतंय काय परत?" महमूदने पाइप उचलला आणि समोरच्या चाकावरच्या चिखलावर पाण्याचा जोरात फवारा सोडला.