करंजी घाटातला सात नंबरचा खांब

आधीच सांगतो, माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. आजही ठेवायचा नाही असं ठरवलंय, पण... जमत नाहीये.

मी सिव्हिल इंजिनिअर. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला. वडील, म्हणजे आण्णा, रस्त्यावर मैलकुली होते. उभं आयुष्य खड्डे बुजवण्यात आणि गटारं उपसण्यात गेलं. त्यांच्या पोराने घाटात भिंत बांधली, हे मी एरवी भेटेल त्याला दुसऱ्याच वाक्यात सांगतो. तुम्हाला जरा उशिरा सांगितलं.

जागा म्हणजे नगर–पाथर्डी रस्ता, करंजी घाट. दरीच्या बाजूला माझी भिंत, तिच्या माथ्यावर रस्ता आणि रस्त्याकडेला दिव्यांचे बारा खांब. भिंतीच्या पायथ्याशी जुना रस्ता, आणि तिथेच भिंतीला पाठ लावून कमलमावशीची चहाची टपरी. बरोबर सात नंबरच्या खांबाखाली.

श्रावणातली गोष्ट. तक्रार आली की सात नंबर रोज सकाळी अकरा वाजता पेटतो. बाकीचे अकरा खांब शहाण्यासारखे बंद, आणि हा एकटाच भर उन्हात लख्ख! भिंत आणि दिवे, दोन्हीची देखभाल आमच्या कंपनीकडे. येत्या गुरुवारी मोठे साहेब शेवटच्या तपासणीला यायचे होते. ती पार पडली की भिंत माझ्या नावावर पास. नाहीतर मी घरी.

आमचा इलेक्ट्रिशियन राजूभाऊ नागापूरहून आला. टायमर बदलला. दुसऱ्या दिवशी अकराला दिवा चालू. अख्खं फिटिंग बदललं. पुन्हा चालू. शेवटी वैतागून त्याने खांबाची केबलच सोडवली आणि टोकं हातात धरून उभा राहिला. अकरा वाजले... दिवा लागला. टेस्टर लावला, तर टेस्टर विझलेला आणि वर दिवा पेटलेला.

राजूभाऊ माझ्याकडे बघून म्हणाला, "साहेब, आता काय करू? शिडी लावून फुंकू?"

तिसऱ्या दिवशी खांबाला हळदीकुंकू लागलं. चौथ्या दिवशी नारळ. एसटीचे ड्रायव्हर गाडी हळू करून हात जोडायला लागले, त्यामुळे मागे रांग. मी लोकांना थांबवून अर्थिंग समजावून सांगितलं. एका आजीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्याच हातावर प्रसाद ठेवला.

"मावशी, निदान तुम्ही तरी ह्यांना सांगा," मी कमलमावशीला म्हणालो.

"मी कशाला सांगू? लई गिऱ्हाईक वाढलंय सायेब. गुरुवारपस्तोर ऱ्हाऊ द्या त्याला."

"अहो, गुरुवारीच तर तपासणी आहे!"

"मग साहेबास्नी पन च्या पाजू की."

बुधवारी आण्णा आले. पोराने बांधलेली भिंत बघायची, म्हणून पांढरी टोपी, धुतलेलं धोतर, आणि सवयीने हातात लोखंडी गज. अकरा वाजले, दिवा लागला. सगळे वर बघत होते. आण्णा मात्र चहाचा कप घेऊन टपरीमागच्या भिंतीकडे बघत बसले.

"इंजिनिअर, हिकडं ये."

गेलो.

"समद्या भिंतीतून पानी गळतंय. ह्या बाईच्या पाठचीच भोकं कोरडी का?"

भिंतीमागे साचणारं पाणी निघून जावं, नाहीतर ते भिंतच ढकलून पाडतं, म्हणून भिंतीत पाइप सोडतात. काँक्रीट ओतताना ते आत शिरू नये म्हणून पाइपांच्या तोंडात सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांचे बोळे कोंबतात आणि काम झालं की उपटून काढतात. उपटले का, हे बघून कागदावर सही करायची ती मी. केलीही होती. एप्रिलचं ऊन होतं, मी जीपमध्येच बसून भोकं मोजली. ह्या टपरीची ताडपत्री आडवी येत होती, तेवढी भोकं मनानेच धरली.

आण्णांनी भिंतीवरून तळहात फिरवला. "पोट सुटलंय हिचं. केसावानी चीरबी हाय. कमल, उठ. पोरी, आधी उठ तिथनं!"

"आवो, दूध उतू जाईल..."

"जाऊ दे!"

राजूभाऊने आणि मी टपरी बाजूला ओढली. आण्णांनी गज घातला आणि बोळा उपसला. आतून पाण्याची अशी पिचकारी आली, की माझे तपासणीसाठी घेतलेले नवे बूट, पँट, फाईल, सगळं लाल चिखलात. दुसरं भोक, तिसरं... नऊ भोकं बंद होती. शेवटचा बोळा निघाला आणि तोवर वर खांबापाशी गेलेला राजूभाऊ ओरडला, "साहेब! गेला! दिवा गेला!"

मी चिखलात उभा. आण्णांनी फाईल उचलून धोतराने पुसली आणि माझी सही होती ते पान वर करून माझ्या हातात दिली. त्यांना वाचता येत नाही, पण माझी सही ओळखता येते.

गुरुवारी मी मोठ्या साहेबांना सगळं सांगितलं. म्हणजे सही न बघता केली, हे. दिव्याचं नाही, एका दिवसात एकच कबुली झेपते. त्यांनी खूप झापलं. चीर वाढली की तडकेल अशी काच तिच्यावर चिकटवून तीन महिने नजर ठेवायला लावली, काच तडकली नाही, मग भिंत पास केली. मावशीची टपरी आता समोरच्या बाजूला आहे.

राहिला सात नंबर. केबल जोडली, करंट येतोय, फिटिंग नवं कोरं, पण आता तो रात्रीही लागत नाही. राजूभाऊने हात टेकलेत. "त्याचं काम झालं साहेब," म्हणतो. अहवालात 'बिघाडाचं कारण' असा रकाना असतो. तो मी अजून कोराच सोडतो. न बघता लिहायचं मी सोडलंय.

घाटातून जाताना बाकी अकरा दिवे चालू आहेत का हे बघतो, आणि सात नंबर बंद आहे ना, हे गाडीतून उतरून बघतो. घरी पोचलो की आण्णांचा एकच प्रश्न असतो.

"बंद हाय न्हवं?"

"बंद आहे, आण्णा."

"मग जेव."